तुम्ही विचारलंत म्हणून: आश्रमाच्या बागेत मी कशाला जाते

लग्नात भेटा, बँकेच्या रांगेत भेटा, तुमचा प्रश्न ठरलेला. "मासिकात लिहिता ते समजतं, थोडंफार मानधन मिळत असेल. पण त्या वृद्धाश्रमात आठवड्यातून तीनदा खुरपं घेऊन कशाला जाता? पुण्य लागतं म्हणून?" आजवर मी "आवडतं" म्हणून विषय बदलत आले. आज नीट सांगते.

त्यासाठी एका पोस्टकार्डापासून सुरुवात करावी लागेल. आपल्या भागातल्या बागकामाच्या मासिकात मी लिहायला लागले, तेव्हा माझी शिदोरी म्हणजे लातूरच्या घराच्या गच्चीवरच्या चाळीसेक कुंड्या आणि कपाटातली पुस्तकं. दुसऱ्याच वर्षी एका लेखात मी लिहिलं की झाडांना कॅल्शियम मिळावं म्हणून कुंडीत चुलीतली राख, चुन्याची निवळी घालावी. हे मी पुस्तकातून उचललं होतं आणि ते पुस्तक कोकणातल्या बागा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं होतं. तिकडची तांबडी माती आम्लधर्मी, तिला चुना मानवतो. आपली काळी माती मुळातच चुनखडीची. तिचा सामू (म्हणजे माती आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, pH) बहुतेक ठिकाणी साडेसातच्या पुढे, काही ठिकाणी साडेआठपर्यंत. तिच्यात आणखी राख आणि चुना म्हणजे दुखण्यावर दुखणं.

महिन्याभरात औशाकडच्या एका वाचकाचं कार्ड आलं. "तुमचं वाचून जास्वंदीला राख घातली. आता नवी पानं पिवळी येतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पुढं काय करू ते कळवा." रागाचा एक शब्द नव्हता. चूक माझी आणि विचारणाही पुन्हा मलाच, तीही पूर्ण विश्वासाने! त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या अंकात दुरुस्ती छापून घेतली, पण मनातून ते गेलं नाही. आपलं लिहिलेलं वाचून कुणीतरी खरोखर माती कालवतं, हे मला तोवर कळलंच नव्हतं.

त्याच सुमारास गावाबाहेरच्या या आश्रमातून निरोप आला, की आवारातली लिंबोणी पिवळी पडली आहे, येऊन बघाल का. देणग्यांवर चालणारी जागा, मागे तीन गुंठे मोकळं रान. झाड पाहिलं तर पोस्टकार्डातलंच वर्णन समोर उभं. मी पानं उलटसुलट करत होते, तेवढ्यात ओट्यावर बसलेले एक आबा म्हणाले, "पानात काय बघायलाव ताई? खाली बघा." त्यांनी टिकाव मागवला. फूटभर खाली गेल्यावर काळ्या मातीत हरभऱ्याएवढे, बोराएवढे पांढरे खडे दिसायला लागले. आबांनी त्याच झाडाचं एक लिंबू तोडलं, अर्धं कापलं आणि एका खड्यावर पिळलं. खड्याच्या अंगावर बारीक फेस आला, कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू आली. "चुनखडी हाय ही. झाड उपाशी हाय, पर ताट भरलेलं हाय."

पुस्तकातलं अख्खं प्रकरण या एका वाक्यात आलं होतं. आपल्या मातीत लोह भरपूर असतं, पण सामू चढलेला असला की मुळांना ते उचलता येत नाही. मग लोह पानावाटे द्यावं लागतं. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), त्यात थोडा लिंबाचा रस, आणि फवारणी ऊन उतरल्यावर. दहाएक दिवसांनी पिवळ्या पानांवर हिरवे ठिपके उमटले, जिथे जिथे थेंब बसला होता तिथेच! पुढच्या फुटीसाठी पुन्हा फवारावं लागलं, कारण माती तर तीच होती. झाडाखाली शेणखत आणि पाला टाकत राहिलो. औशाला पत्र लिहिलं ते यानंतर, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं.

तेव्हापासून मी जाते. ठरवलं एवढंच, की त्या तीन गुंठ्यांत जे उगवलं, वाळलं, किडलं, तेवढंच लिहायचं.

तिथे राहणारी बहुतेक माणसं जन्मभर शेतात राबलेली. जमीन मुलांच्या नावावर झाली, हात रिकामे झाले. मी त्यांना बाग शिकवायला जाते असं काही जण समजतात. खरं उलटं आहे. वाफसा हा शब्द मी लेखात कितीदा लिहिला असेल, पण तो मला हाताने कळला तिथे. एका श्रावणात पावसाने उघडीप दिली म्हणून मी वाफे खुरपायला बसले. आबांनी खुरपं काढून घेतलं. मूठभर माती उचलून माझ्या तळव्यावर दाबली आणि म्हणाले, खाली सोडा. गोळा पडला तो तसाच राहिला, त्यावर माझ्या बोटांचे ठसे. "आता खुरपलं तर हिची वीट व्हईल." चौथ्या दिवशी पुन्हा तेच केलं. या वेळी गोळा जमिनीवर पडून अलगद फुटला आणि हाताला चिखल लागला नाही. काळ्या मातीत काम करायचे दिवस मोजकेच असतात. ओल असते तेव्हा ती चिकटते, वाळली की दगड होते, उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तोडते. पुण्या-मुंबईच्या लेखांतलं "रोज सकाळी पाणी द्या" इथे झाडं मारतं, कुंडीतसुद्धा, जर त्यात नुसती काळी माती भरली असेल तर.

2016 चा उन्हाळा तुम्ही विसरला नसाल. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. संपादकांनी त्या महिन्यात उन्हाळी फुलझाडांवर लेख मागितला होता. मी त्यांना फोन करून सांगितलं, की कोणत्या झाडांचं पाणी तोडायचं यावर लिहीन, नाहीतर या महिन्याला मला सुट्टी द्या. त्यांनी ते मान्य केलं, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

आश्रमात आम्ही भाजीचे सगळे वाफे सोडून दिले. पालक, मेथी, कोथिंबीर, काही नाही. राखायची फक्त झाडं: लिंबोणी, कढीपत्ता, दोन सीताफळं, एक शेवगा. कुंभाराकडून चौदा साधी भाजलेली मडकी आणली, रोगण नसलेली, कारण पाझरायला हवीत. झाडाच्या घेराखाली गळ्यापर्यंत पुरली आणि तोंडावर फरशीचा तुकडा ठेवला. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी त्यांत जायचं. भोवतालची माती सुकेल तसं मडकं पाणी सोडतं, मातीला गरज नसली की धरून ठेवतं. वर एक थेंब उन्हाला मिळत नाही. शेवग्याला मडकं दिलं नाही. त्याने पानं गाळली, नुसता सांगाडा उभा राहिला. एक आजी रोज त्याच्या सालीत नख रोवून बघायच्या. हिरवं दिसलं की, "हाय अजून" म्हणायच्या. मृगानंतर तो असा फुटला की पहिली भाजी पाल्याचीच झाली, सगळ्यांना पुरली. त्या अंकाला जेवढी पत्रं आली तेवढी माझ्या कुठल्याच लेखाला आली नाहीत.

बियाण्याचंही तसंच. या आजी भेंडी लावतात ती परभणी क्रांती, परभणीच्या कृषी विद्यापीठाने 1985 मध्ये दिलेलं वाण, पानं पिवळी करणाऱ्या हळद्या रोगाला तग धरणारं म्हणून नावाजलेलं. संकरित नाही, त्यामुळे बी घरी धरता येतं. सगळ्यात निकोप झाड निवडून आजी त्याला लाल दोरा बांधतात. त्या झाडाची भेंडी कुणी तोडायची नाही, स्वयंपाकघरातल्या मावशींनीही नाही. शेंग झाडावरच वाळून शिरेवर तडकली की बी काढून, राख चोळून, चिंधीत. (राख इथे चालते. माझ्या त्या लेखानंतर राख म्हटलं की मला अजून धस्स होतं.)

वेळा अमावस्येला, म्हणजे रानात जाऊन पूजा आणि पंगत करायच्या सणाला, लातूर शहर ओस पडतं, ज्याच्या-त्याच्याकडे रान असतं नाहीतर रानवाल्याचं आमंत्रण. आश्रमातल्या लोकांना कुणाचंच आमंत्रण नसायचं. आता आम्ही त्या तीन गुंठ्यांतच कडब्याची खोप करतो. पूजेला पाच पांडव मांडतात, भज्जी, उंडे, आंबील होते, आणि आबा आंबील शिंपडत वाफ्यांभोवती फिरतात. त्या दिवशी मी काही टिपून घेत नाही, फक्त पंगतीत वाढते.

लेख संपादकांकडे जाण्याआधी मी आजींना वाचून दाखवते. त्यांना वाचता येत नाही, पण ऐकता फार बारकाईने येतं. परवा करडईच्या भाजीवरचा लेख वाचत होते. विरळणीची कोवळी रोपं किती दिवसांत काढावीत, याचा मी आकडा दिला होता. आजींनी हात वर करून थांबवलं आणि मला वाफ्याशी नेलं. पानाच्या कडेवरून माझा अंगठा फिरवून घेतला, एका रोपावर, मग दुसऱ्या. दुसऱ्यावर टोचलं. "ही भाजी गेली. दिवस काय मोजतीस, थंडी पडली न्हाई तर लवकर काटा धरतंय."

घरी येऊन दिवसांचा आकडा खोडला आणि तिथे अंगठा लिहिला. लेख अजून पाठवलेला नाही. उद्या पुन्हा वाचून दाखवायचा आहे.