हात न लावता पहिला नंबर

पर्वरीतल्या एका छोट्या गेम कंपनीत मी गाड्यांचं हँडलिंग बघते. खेळणाऱ्याने अंगठा डावीकडे सरकवला की गाडी किती वळेल, ब्रेक दाबल्यावर तिचं वजन पुढच्या चाकांवर किती येईल, ओल्या रस्त्यावर मागची चाकं कधी सुटतील, हे सगळं आकड्यांत बसवणं माझ्याकडे. आमच्या मोबाइल रेसिंग गेममधले रस्ते गोव्यातलेच आहेत: मांडवीवरचा अटल सेतू, दोनापावल, आणि केरीहून वर चढणारा चोर्ला घाट. घाटासाठी मी भर पावसात गाडी घेऊन वारंवार गेले. अंजुणे धरणाचं पाणी दिसायला लागतं त्या पट्ट्यावरून मी एक वळण घेतलंय. आत शिरताना ते सोपं वाटतं आणि मध्यावर एकदम आवळतं. ब्रेक आधीच मारला तर गाडी सुरेख फिरते. वळणात शिरल्यावर मारला तर पुढच्या चाकांना थांबणं आणि वळणं दोन्ही एकदम जमत नाही, आणि गाडी सरळ कठड्याकडे जाते. हे फोनच्या काचेवर अंगठ्याला जाणवावं म्हणून मी एक अख्खा पावसाळा घातला.

मूळ बेत गेम एकदाच विकत द्यायचा होता. मग वरून ठरलं की फुकट द्यायचा आणि आत दुकान उघडायचं. त्याबरोबर नवं बिल्ड, म्हणजे गेमची नवी आवृत्ती, तयार झालं. त्यात स्टिअरिंग गेमच सांभाळतो, खेळणाऱ्याकडे उरतं नायट्रोचं, म्हणजे क्षणभर वेग वाढवायचं, बटण. पेट्रोल पाच शर्यतींपुरतं, ते संपलं की थांबा नाहीतर जेम्स, म्हणजे दुकानात पैसे देऊन घ्यायचे खेळातले हिरे, मोजा. नवी गाडी अख्खी मिळत नाही, तिचे तुकडे पेट्यांमधून निघतात, आणि कुठल्या पेटीतून काय निघेल ते नशिबावर. हाताने चालवायची सोय काढलेली नाही, पण सेटिंग्जमध्ये तीन पडदे आत गेल्याशिवाय सापडत नाही.

चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात ही दोन्ही बिल्डं बाहेरच्या लोकांच्या हातात देऊन बघायची चाचणी होती. कॉलेजची मुलं होती, एक बँकेतले गृहस्थ होते, साखळीहून आलेली एक आई आणि तिचा बारा वर्षांचा मुलगा होता. आणि म्हापशाच्या बसस्टँडवरचे एक पायलट होते. गोव्याबाहेरच्यांना सांगायला हवं, आमच्याकडे मोटरसायकलवर मागे बसवून भाड्याने माणसं पोचवतात त्यांना पायलट म्हणतात. पन्नाशीचे गृहस्थ, बोलणं कोकणी, मोबाइलवर गेम कधी खेळलेले नव्हते. म्हणूनच मी त्यांना बोलावलं होतं.

आधी जुनं बिल्ड दिलं. पहिल्या फेरीत त्या आवळत्या वळणावर ते थेट कठड्यावर गेले. दुसऱ्या फेरीत पुन्हा तिथेच. तिसऱ्या वेळी वळण यायच्या बरंच आधी त्यांचा अंगठा ब्रेकवर गेला आणि अंग खुर्चीतच डावीकडे कललं, मोटरसायकलवर कलतं तसं. गाडी आतल्या कडेने निघाली. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या वळणाआधी त्यांनी अंगठा शर्टाला पुसून घेतला. मी टेबलाच्या या बाजूला बसून ते बघत होते, आणि पावसाळाभर घेतलेले कष्ट त्या एका पुसण्यात मला भरून मिळाले. मग अटल सेतू लावला. त्या पुलावर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे २०१९ साली पूल सुरू झाल्यापासून पायलटांना तिथून भाडं नेता आलेलं नाही. पुलाच्या मध्यावर त्यांनी मुद्दाम वेग कमी केला आणि खालची मांडवी बघत गेले. शर्यतीत शेवटचे आले. चेहऱ्यावर त्याचं काही दुःख नव्हतं.

नंतर नवं बिल्ड. सुरुवात चोर्लापासूनच. गाडी निघाली, पहिलं वळण आपोआप घेतलं. ते दचकले. दोन-तीन वळणांनंतर त्यांनी अंगठा उचलून फोन टेबलावर आडवा ठेवला आणि नुसते बघत बसले. गाडी ते आवळतं वळणही घेऊन गेली. पुढच्या गाड्या हळू झाल्या, कारण पहिल्या काही शर्यती नवख्याने जिंकायच्याच अशी त्यात योजना आहे. पहिला नंबर. पडद्यावर नाण्यांचा पाऊस, मोठ्या अक्षरात ‘जबरदस्त!’

त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘बाय, पूण हांवें कितें केलें?’’

टोमणा नव्हता. आपण काय केलं म्हणून जिंकलो हे त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणजे पुढच्या वेळी तेच करता आलं असतं. माझ्या सहकाऱ्याने नायट्रोचं बटण दाखवलं. त्यांनी मन लावून ते दाबलं. आणखी दोन शर्यती जिंकले. चौथीत हरले, पाचवीत अगदीच मागे पडले. तेव्हा त्यांचा दुसरा प्रश्न आला: ‘‘हांव खंय चुकलों?’’

कुठेही चुकले नव्हते. त्या शर्यतीला लागणाऱ्या गाडीच्या ताकदीचा आकडा त्यांच्या गाडीच्या आकड्यापेक्षा मोठा होता, एवढंच. पडद्यावर उत्तरही आलं होतं: गाडी अपग्रेड करा, आणि खाली हिरवं बटण. कुठल्या वळणावर चुकलो असं विचारणाऱ्या माणसाला गेम दुकानाचा पत्ता देत होता.

सोपं स्टिअरिंग आणि दुकान हे दोन वेगळे निर्णय आहेत असं आमच्या बैठकांत कायम बोललं जायचं. एक नवख्यांच्या सोयीसाठी, दुसरा कंपनीच्या पोटासाठी. ते एकच आहेत. हाताने चालवायच्या गेममध्ये तुम्ही हरलात तर पुन्हा चालवता, अंगठा शिकतो, आणि मंद गाडी घेऊनही चांगला खेळणारा पुढे जातो. तिथे जेम्स कोण घेईल? खेळणाऱ्याचा हात काढून घेतला की शर्यतीत फक्त गाडीचा आकडा उरतो. हात विकता येत नाही, आकडा विकता येतो.

सोप्या स्टिअरिंगला माझा विरोध नाही. ज्यांचा एक हात चालत नाही, ज्यांना धावत्या कदंब बसमध्ये उभ्याने खेळायचंय, त्यांच्यासाठी ते हवंच. २०१८च्या अस्फाल्ट नाइन या रेसिंग गेममध्ये गाडी आपणहून वळणारा टचड्राइव्ह आला, तोही बंद करता येतो, आणि चालू असला तरी रस्ता कुठला धरायचा आणि ड्रिफ्ट कधी मारायचा, म्हणजे मागची चाकं मुद्दाम कधी घसरवायची, हे खेळणाऱ्याकडे राहतं. रिअल रेसिंग या गेमचं मात्र मला वाईट वाटतं. २००९ आणि २०१०चे पहिले दोन भाग विकत घ्यायचे होते, आणि फोन हातात तिरका करून गाडी वळवण्यात काय मजा असते हे त्यांनी दाखवून दिलं. २०१३चा तिसरा भाग फुकट आला. त्यातल्या गाड्या चालवायला अजूनही सुंदर होत्या, पण गाडी दुरुस्तीला गेली की घड्याळ लागायचं, आणि वाट बघायची नसेल तर गेममधलं सोनं मोजायचं. एवढं चांगलं हँडलिंग करणाऱ्यांनी खेळणाऱ्याला थांबवून पैसे मागावेत, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

दुपारी त्या बारा वर्षांच्या मुलाची पाळी होती. चाचणीतली खरेदी खोटी असते, पैसे कुणाच्याच खात्यातून जात नाहीत, हे त्याला सांगितलेलं होतं. तरी पहिल्या वेळी बटण दाबताना त्याने आईकडे बघितलं. नंतर बघणं थांबलं. लाल गाडीचे तुकडे हवे होते. पेटी शंभर जेम्सची आणि जेम्सच्या लहान पुड्यात ऐंशी जेम्स. दोन पुडे घेतले तर एक पेटी येते आणि साठ उरतात. सुट्ट्या पैशांऐवजी दुकानदार हातावर चॉकलेट ठेवतो, तसे ते उरलेले साठ. कुठेच चालत नाहीत, फक्त परत याच दुकानात यायला लावतात. तो पुन्हा गेला. पेटी उघडताना झाकण थरथरतं, लाल उजेड फाकतो, आणि निघतं भलतंच काही. हे झाकण किती वेळ थरथरावं यावर आमच्याकडे तासभर चर्चा झालेली मी ऐकली आहे. शर्यती त्याने फार कमी केल्या. वीस-पंचवीस मिनिटांत खोट्या पैशांत चार हजारांच्या वर गेला, आणि गाडी अजून पुरी झाली नव्हती.

मागच्या पडद्यावर खरेदीची रेघ चढत होती. त्या खोलीतले दोघे-तिघे खूश झाले. मला ते बघवलं नाही, मी उठून त्या आईजवळ जाऊन बसले.

त्यांनी विचारलं, ‘‘ताई, घरच्या फोनवरपण असंच होतं का हो?’’

मी सरळ सांगितलं. यूपीआयला पिन लागतो, कार्डाला ओटीपी लागतो, पण ओटीपी येतो तो मुलाच्या हातात असलेल्या त्याच फोनवर, आणि पिन मुलांना घरात बघून पाठ असतो. प्ले स्टोअरच्या खात्यात आधी भरलेली शिल्लक असेल तर तेवढीही अडचण उरत नाही. म्हणून प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी मागायची सोय चालू करा, आणि तिचा पासवर्ड मुलाला माहीत असलेला नको. चुकून पैसे गेलेच तर ४८ तासांच्या आत गूगल प्लेकडे परतावा मागा. मिळेलच असं नाही, पण उशीर केला तर मार्ग अवघड होतो. त्यांनी तिथेच फोन काढला, आम्ही दोघींनी मिळून ते सेटिंग चालू केलं.

संध्याकाळच्या बैठकीत सरांनी त्यांची बाजू मांडली. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पैसे देऊन मोबाइल गेम घेणारे आपल्याकडे थोडे. गेम विकला तरी वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरपर्यंत स्टोअर १५ टक्के घेतं, त्यापुढे ३०. पगार दर महिन्याला द्यायचे असतात. हे सगळं मला माहीत आहे, त्यातला एक पगार माझा आहे.

मी पायलटांचे दोन्ही प्रश्न फळ्यावर जसेच्या तसे लिहिले आणि म्हटलं, ‘‘सर, पहिल्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नाही, आणि दुसऱ्याचं उत्तर आपण विकायला ठेवलंय.’’ मारिओ कार्ट टूरचा दाखला दिला. निन्तेंडोच्या त्या गेममध्ये २०१९पासून आपल्या पेट्यांसारखेच नशिबावर चालणारे पाइप होते, २०२२मध्ये त्यांनीच ते काढून टाकले आणि हवी ती वस्तू ठरल्या किमतीला ठेवली. बेल्जियमने २०१८मध्येच पैसे मोजून उघडायच्या अशा पेट्या जुगारात धरल्या. मुलांच्या न विचारता केलेल्या खरेदीपोटी २०१४ साली अमेरिकेत अ‍ॅपलला किमान सव्वातीन कोटी डॉलर परत द्यायला कबूल व्हावं लागलं. हे उद्या आपल्या दारात येईल, आणि न आलं तरी त्या मुलाने आज काय केलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

आवाज चढले. एकाने म्हटलं, पायलट हा आपला ग्राहकच नाही. मला त्याचा राग आला आणि मी तो लपवला नाही. त्या माणसाने तीन फेऱ्यांत एक वळण शिकून घेतलं होतं. असा खेळाडू आपला नसेल तर मग हँडलिंग कुणासाठी लिहायचं?

रात्री साडेआठला काही गोष्टी ठरल्या. पहिल्यांदा गेम उघडला की स्टिअरिंग हाताने की आपोआप हे समोरच विचारायचं. चोर्ला घाटाची वेगळी लीग करायची, तिच्यात सगळ्यांना एकच गाडी, स्टिअरिंग हातात, पेट्रोलची अट नाही, दुकानाचं बटण नाही. पेटीत काय निघण्याची शक्यता किती, ते पेटीवरच छापायचं. लीगचं काम माझ्याकडे आलंय आणि ते मी जीव लावून करते आहे. ते वळण आहे तसंच राहील.

पेट्या मात्र राहिल्या. त्या काढायला सर तयार झाले नाहीत. पुढच्या बिल्डच्या बैठकीत मी तो विषय पुन्हा काढणार आहे, आणि त्या वेळी त्या मुलाने केलेल्या खरेदीची यादी, मिनिटांसकट, छापून प्रत्येकाच्या समोर ठेवणार आहे.