श्वास थांबण्याआधीची मिनिटे

साखर पेठेतल्या आमच्या औषधांच्या दुकानासमोर गेल्या उन्हाळ्यात यंत्रमागावर काम करणारा एक तरुण निपचित पडला होता. ओठ निळसर, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि श्वास इतका मंद की त्याची आई नाकाशी बोट धरून तो चालू आहे की नाही, हे पाहत होती. रिक्षातून रुग्णालयात नेऊन नॅलोक्सोन हे औषध टोचल्यावर तो वाचला.

अफूजन्य औषधांचा अतिरेक झाला की माणूस श्वास थांबून दगावतो. त्यावरचा हा उतारा कुटुंबीयांच्या व सोबत्यांच्या हाती असावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच केली. अमेरिकेने २०२३ मध्ये त्याचा नाकात मारायचा फवारा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास परवानगी दिली. आपल्याकडे २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल हे अफूसारखा परिणाम करणारे वेदनाशामक अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले, ते योग्यच झाले. उतारा मात्र अजून चिठ्ठीतच अडकला आहे. नियम हवेत, नोंदवही हवी, प्रशिक्षण तर हवेच. पण नॅलोक्सोनची नशा चढत नाही, सवयही लागत नाही. मग ते वस्तीतल्या आशाताईंच्या पिशवीत का असू नये? त्याचा असर ओसरल्यावर श्वास पुन्हा मंदावू शकतो, म्हणून रुग्णालय टाळायचे नाही, एवढे शिकवायला एक दुपार पुरेल.