प्लाझ्मासाठी पळालेली माणसं

एप्रिल २०२१ मधे, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, फोन थांबतच नव्हता. "भाऊ, बी पॉझिटिव्ह ग्रुपचा प्लाझ्मा बघा ना कुठं, पप्पांचा छातीच्या सीटी स्कॅनचा स्कोर १८ आलाय, डॉक्टर म्हणले संध्याकाळपर्यंत आणा." बीड, जालना, परभणी, सगळीकडून हेच. कोरोनातून बरं झालेल्या माणसाच्या रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, पेशंटला दिला की त्यातल्या प्रतिकारशक्तीनं तो बरा होईल अशी आशा होती. आम्ही काही पोरांनी असे बरे झालेल्या लोकांची यादी केली होती, गाव, ब्लड ग्रुप आणि बरं झाल्याची तारीख, कारण बरं होऊन २८ दिवस झाल्याशिवाय डोनर घ्यायचे नाहीत, शिवाय वजन ५० किलोच्या वर, हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, आणि लेकरं झालेल्या बायांचा प्लाझ्मा घेत नव्हते. ग्रुपचा तर लई घोळ व्हायचा. ओ सगळ्यांना चालतो हे रक्ताचं झालं, प्लाझ्मात उलटं, एबीचा सगळ्यांना चालतो आन ओचा फक्त ओलाच.

गेवराईकडचा एक पोरगा, स्वतः ऑक्सिजनवर राहून आलेला, ओळख ना पाळख अन् संचारबंदीत मोटरसायकलवर औरंगाबादला आला. पावणेएक तास मशीनला होता. एका हातातून रक्त जातंय, पिशवीत पिवळसर प्लाझ्मा साठतोय, उरलेल्या लाल पेशी परत अंगात. मधेच म्हणला ओठाला मुंग्या येतायत, तर सिस्टरनी लगेच कॅल्शियमची गोळी दिली, रक्त गोठू नये म्हणून जे औषध घालतात त्यानं होतं तसं. पेशंट कोण हे सुद्धा त्यानं विचारलं नाही. अशा माणसांचं ऋण मी कधीच विसरणार नाही.

पण एक गोष्ट बोलायलाच पाहिजे. आयसीएमआरनं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, ३९ हॉस्पिटलमधे ४६४ पेशंटवर ह्याचा अभ्यास केला होता, प्लॅसिड नावाचा, आणि ऑक्टोबर २०२० मधेच छापून आलं होतं की प्लाझ्मानं ना मृत्यू कमी झाले ना आजार वाढायचा थांबला. मग इंग्लंडचा अकरा हजारांवर पेशंटचा अभ्यास आला, त्यातही तेच, आणि १७ मे २०२१ ला केंद्रानं उपचाराच्या यादीतून प्लाझ्मा काढला. म्हणजे आमचे फोन ज्या महिन्यात वाजत होते तेव्हा आपल्या देशाचं उत्तर येऊन सहा महिने झाले होते, आणि वॉर्डाबाहेर चिठ्ठी घेऊन उभ्या पोराला ते कुणी सांगितलं नाही. तो बापाजवळ थांबायचं सोडून ह्या ब्लड बँकेतून त्या ब्लड बँकेत पळत राहिला. उपचार करून बघायला माझी ना नाही, काहीच हातात नव्हतं तेव्हा डॉक्टर तरी काय करणार. पण "ह्याचा फायदा सिद्ध झालेला नाही, नाही मिळाला तर तुमचं काही चुकलं असं समजू नका" एवढं मराठीत सांगायला दोन मिनिटं लागली असती. नाही मिळाला म्हणून स्वतःला दोष देणारे आजही भेटतात, त्यांना मी प्रत्येक वेळी हे आकडे सांगतो.

यादी अजून आहे आमच्याकडं. डेंग्यूत प्लेटलेट पेशी कमी झाल्या आणि डॉक्टरांनी एसडीपी, म्हणजे एकाच डोनरकडून मशीननं काढलेल्या प्लेटलेट, सांगितली की त्यातल्याच लोकांना फोन करतो, मशीन तसलीच असती, त्यामुळं ते घाबरत नाहीत. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) आसपास कुणाला नाव द्यायचं असंल तर ग्रुप आणि गाव कळवा.