गाडी मॉडिफाय केलेली, गिअरबॉक्स गेला, वॉरंटी नाकारली : माझा अनुभव

माझी गाडी स्टॉक, म्हणजे कंपनीतून निघाली तशी, नाही, हे आधीच सांगतो. टर्बो पेट्रोल हॅचबॅक, ७ गिअरची ड्युअल क्लच ऑटोमॅटिक. तिला स्टेज वन रीमॅप (ताकद वाढवण्यासाठी इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल) आहे, परफॉर्मन्स एअर फिल्टर आहे, मागचा एक्झॉस्ट बदललेला आहे, लोअरिंग स्प्रिंग, १७ इंची अलॉय आणि मोठे ब्रेक आहेत. प्रत्येक काम विचार करून, बिल घेऊन केलेलं. एक्स्टेंडेड वॉरंटीही पैसे भरून घेतली होती. ती चालू असतानाच खंबाटकी घाटात गिअरबॉक्स गेला.

गेला म्हणजे कसा, ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरच झालं. क्लच घसरत नव्हता, जळका वास नव्हता, गिअर पडताना झटके बसत नव्हते. डिस्प्लेवर पान्याचं चिन्ह आलं, गिअरचा आकडा लुकलुकायला लागला आणि गाडीने एकदम ओढच सोडली. इंजिन व्यवस्थित चालू, पण पाय दिला की नुसता आरपीएम वर जायचा. टो करून पुण्याला आणली.

वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावल्यावर दोन गोष्टी दिसल्या. गिअरबॉक्सच्या हायड्रॉलिक प्रेशरचा फॉल्ट कोड, आणि ईसीयूमधलं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं, सॉफ्टवेअर कंपनीचं नाही ही नोंद. त्यानंतर कोडकडे कोणी बघेचना. सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर म्हणाला, "सर, गाडीला रीमॅप आहे. वॉरंटी व्हॉइड झाली." आणि अडीच लाखांच्या वरचं एस्टिमेट हातात दिलं. मी म्हटलं, "ठीक आहे, हेच मला लेखी द्या. कुठला पार्ट गेला, तो रीमॅपमुळे कसा गेला, आणि वॉरंटीच्या कुठल्या अटीखाली नाकारताय, एवढं लिहा." त्यावर त्याने मॅनेजरकडे बोट दाखवलं, मॅनेजरने कंपनीच्या रीजनल ऑफिसकडे.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची मेख इथेच आहे. 'गाडी मॉडिफाइड आहे' हे बिघाडाचं कारण होऊ शकत नाही. ती गाडीची अवस्था झाली. माझ्या वॉरंटी पुस्तिकेत लिहिलं होतं की बदलांमुळे झालेला बिघाड कव्हर होणार नाही. बदल केले की सगळीच वॉरंटी संपते, असं त्यात कुठेही नव्हतं. काही कंपन्यांच्या अटी याहून कडक असतात, म्हणून आपली पुस्तिका शब्द न् शब्द वाचायची. अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा ग्राहकाच्या पाठीशी आहे. आपल्याकडे तसा खास कायदा नाही. इथे जे काही आहे ते करारातल्या शब्दांत आणि ग्राहक संरक्षण कायद्यात.

ओळखीच्या काही जणांनी मनापासून सल्ला दिला की रीमॅप करणाऱ्या ट्यूनरकडून स्टॉक फाइल, म्हणजे कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर, परत टाकून घे, मग क्लेम कर. मी ठाम नाही म्हटलं. ईसीयू किती वेळा फ्लॅश झाला, म्हणजे त्यात सॉफ्टवेअर किती वेळा भरलं गेलं, याची नोंद आत राहते, आणि स्कॅन तर आधीच झालेला होता. पण समजा पकडलं गेलं नसतं, तरी माझी बाजू खरी असताना ती खोट्याच्या आधाराने मांडायची मला गरज वाटली नाही. उलट सगळ्या बदलांची यादी, बिलांसकट, मी स्वतःच मेलला जोडली.

त्याच मेलमध्ये जॉब कार्डची प्रत मागितली, स्कॅनचा पूर्ण रिपोर्ट किलोमीटरच्या आकड्यासह मागितला, आणि लिहिलं की गिअरबॉक्स माझ्यासमोर उघडायचा व काढलेला एकही पार्ट टाकून द्यायचा नाही. हे शेवटचं वाक्य फार कामाला आलं. पार्ट भंगारात गेला की पुरावाही गेला.

उघडायच्या दिवशी भोसरीतले एक मेकॅनिक माझ्याबरोबर आले. याच जातीचे गिअरबॉक्स ते रोज उघडतात. त्यांनी मला जे दाखवलं ते समजलं नसतं तर मी हरलो असतो. या गिअरबॉक्सचे दोन भाग वेगळे धरायचे. इंजिनची ताकद क्लच आणि गिअरमधून चाकांकडे जाते. मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअरबॉक्स चालवणारं कंट्रोल युनिट, मात्र बाजूला बसलेलं असतं : त्याचं स्वतःचं ऑइल, स्वतःची इलेक्ट्रिक मोटरवर चालणारी पंप, दाब साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर आणि सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह). ते क्लच दाबतं, गिअर पाडतं, पण इंजिनचा टॉर्क त्याच्यातून जात नाही.

"दादा, इथे बॅटरी मारा," म्हणत त्यांनी फडक्याने अ‍ॅल्युमिनियमची बॉडी पुसली. अ‍ॅक्युम्युलेटर जिथे आट्यांनी बसतो, तिथून केसाएवढी बारीक भेग खाली गेलेली. पुसून झाल्यावर थोड्या वेळाने त्याच रेषेवर ऑइलचे थेंब पुन्हा जमले. ऑइल गळतंय, दाब टिकत नाही, पंप सारखी पळते, शेवटी कॉम्प्युटर सगळं बंद करतो. खंबाटकीत झालं ते हेच. क्लचच्या प्लेटा काढून मोजल्या, झीज मर्यादेच्या आत. जळल्याची खूण नाही. हे सगळं मी मोबाइलवर शूट केलं, वर्कशॉपच्या फोरमनच्या उपस्थितीत.

रीजनल ऑफिसच्या इंजिनिअरने मुद्दा काढला की रीमॅपने टॉर्क वाढला, म्हणून क्लचला जास्त दाब लागला आणि अ‍ॅक्युम्युलेटरवर ताण आला. प्रश्न रास्त होता आणि मी त्याचं उत्तर नीट दिलं. पंप ठरलेल्या दोन मर्यादांमध्येच चालू-बंद होते. त्या मर्यादा टीसीयूमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या स्वतःच्या कॉम्प्युटरमध्ये, असतात आणि टीसीयूला मी हात लावलेला नाही, हे त्यांच्याच स्कॅनमध्ये दिसतंय. दुसरं, हा गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरपर्यंत टॉर्क पेलण्यासाठी बनवलेला आहे. माझी गाडी मुळात १७५ ची, रीमॅपनंतर २३० च्या आत, ट्यूनरचा डायनो रिपोर्ट (मशीनवर मोजलेल्या ताकदीचा) जोडला आहे. तिसरं, ही भेग स्टॉक गाड्यांमध्येही पडते. यावर बराच काळ काही उत्तर आलं नाही.

मग आलं ते मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ घेऊन : गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलंय. हे खरं आहे, आणि बदल करणाऱ्या प्रत्येकाने ते माहीत करून घ्यावं. कलम १८२-ए नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण तो विषय माझा आणि आरटीओचा. अ‍ॅलॉय व्हीलमुळे अ‍ॅक्युम्युलेटरला भेग पडत नाही. वकील मैत्रिणीने मात्र बजावलं, "ग्राहक आयोगापुढे हा मुद्दा तुझ्या विरोधात मांडतीलच, तयारीत राहा." म्हणून कंपनीला पाठवलेल्या कायदेशीर नोटिशीत तो आम्हीच आधी घेतला आणि आधीच उत्तर दिलं.

गाडीच्या इन्शुरन्सकडून आशा नव्हतीच. साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड येत नाही.

नोटिशीबरोबर जिल्हा ग्राहक आयोगाची तक्रारही लिहून तयार ठेवली होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, बिघाडापासून २ वर्षांच्या आत. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. १० ते २० लाखांच्या वस्तूसाठी फी फक्त ४०० रुपये, आणि ५ लाखांपर्यंत काहीच नाही. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर १५ जादा. गरज पडली तर आयोग पार्ट प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, आणि मला तेच हवं होतं. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली होती; तिचा क्रमांक टाकल्यावर मेलना उत्तरं लवकर यायला लागली.

नोटिशीनंतर कंपनीचा वरचा टेक्निकल माणूस आला, त्याने भेग स्वतः पाहिली आणि तिथल्या तिथे फोटो काढले. वाद घातला नाही. नवं मेकॅट्रॉनिक, ऑइल आणि कोडिंग वॉरंटीत, मजुरी अर्धी त्यांची अर्धी माझी, पार्किंग चार्जेस माफ, असं ठरलं. त्यांच्या पत्रात 'गुडविल' असा शब्द होता. मी तो काढायला लावला आणि 'वॉरंटी क्लेम मंजूर' असं लिहून घेतलं, कारण उद्या हाच पार्ट पुन्हा गेला तर मला मेहेरबानी मागायची नाही. बदल्यात इंजिन आणि टर्बोची वॉरंटी मी सोडली. रीमॅपचा भार तिथे खरोखर पडतो, त्यामुळे ती अट मला न्याय्य वाटली आणि मी सही केली.

मजुरीच्या निम्म्या रकमेवर मी हरकत नोंदवूनच पैसे भरले आहेत. पार्ट वॉरंटीत बसतो तर तो बसवायची मजुरीही बसते, असं पुस्तिकेतच लिहिलेलं आहे. त्यासाठीचा मेल गेला आहे, मुदतीत उत्तर आलं नाही तर तयार ठेवलेली तक्रार दाखल करणार आहे. जुनं मेकॅट्रॉनिक बॉक्समध्ये पॅक करून, फोरमनची सही घेऊन घरी ठेवलं आहे.