येऊरचं वाळकं पान

आमच्या ठाण्याच्या मंडळाचे दोनच कार्यक्रम कधी चुकले नाहीत: गणपती, आणि दसऱ्यानंतरच्या रविवारची येऊरची सहल. सकाळची टीएमटीची बस, तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि अण्णांची शिट्टी. जंगलात शिट्टी वाजवायची नाही, हे दरवर्षी बसमध्ये ठरायचं आणि पाटोणपाडा यायच्या आत मोडायचं.

2015 साली ब्लू मॉरमॉन राज्याचं फुलपाखरू झालं आणि मंडळात एकदम सगळ्यांनाच फुलपाखरांचं वेड लागलं. पण आमच्यातल्या कॅमेरेवाल्या दादाला ते नको होतं. "ते काय, लिंबाच्या झाडावरही येतं," म्हणाला. त्याला हवं होतं ब्लू ओकलीफ. पंख उघडले की गर्द निळं, मिटले की थेट वाळकं पान, मधली शीर आणि देठासकट. त्याच्या अळ्या कारवी खातात, म्हणून त्या वर्षी सगळी वरात कारवीच्या उताराला.

सकाळभर आम्ही घाणेरीच्या फुलांवर मोबाइल रोखून उभे. दादा वैतागून सांगतोय, हे फुलांवर येत नाही, झाडाचा चीक नाहीतर कुजकं फळ शोधा. ऐकतंय कोण! लहान पोरांनी तर खरीखुरी वाळकी पानंच आणून त्याच्यासमोर ढीग घातला.

जेवायला बसलो तेव्हा काकूंच्या पिशवीतली वेलची केळी डब्याखाली चेपून काळी झालेली निघाली. त्यावरून काकूंची यथेच्छ थट्टा झाली. "टाकू नका रे, जाताना गाईला घालू," म्हणत त्यांनी ती शेजारच्या दगडावर ठेवली. माकडं कशी आली नाहीत, देव जाणे.

पुऱ्या संपत आल्या होत्या. काकू केळ्यांवर पडलेलं पान झटकायला गेल्या आणि पान उडालं.

निळं. क्षणभरच, पण असलं निळं की अण्णांच्या तोंडातली शिट्टी तोंडातच राहिली. दोन पुरुष उंचीवर ते एका खोडावर बसलं, डोकं खाली करून, पंख मिटून. आणि आम्हा तीस-पस्तीस माणसांच्या डोळ्यांदेखत नाहीसं झालं. तिथेच होतं, दिसत मात्र नव्हतं. दादा हातातली पुरी तशीच दातांत धरून कॅमेरा लावत होता. एकच फोटो मिळाला. दुसऱ्याच्या आत कुणीतरी शिंकलं. कोण, त्यावर अजून वाद आहे. माझं नाव घेतात, पण पुरावा नाही.

तो फोटो मंडळाच्या खोलीत ढालींच्या मधोमध फ्रेम करून लावलाय. वर्गणी द्यायला आलेला प्रत्येक नवा माणूस विचारतो, हा झाडाच्या खोडाचा फोटो कशाला? मग काकू उठतात आणि काचेवर बोट ठेवून दाखवतात, हे बघा, इथे. अण्णाही उठून दाखवतात. चार बोटं खाली.