ऑलरेडी रनिंग

परवा टीममधल्या नव्या पोराने विचारलं, दादा हा इनिट डॉट डी फोल्डर कशाला असतो हो, आणि मला एकदम ती लाइट गेलेली रात्र आठवली. लिनक्सचं मशीन सुरू होताना सर्व्हिसेस उठवणाऱ्या शेल स्क्रिप्टा, म्हणजे कमांड लिहिलेल्या फाइली, तिथे असायच्या.

जुन्या ऑफिसात एक डेबियन लिनक्सचा सर्व्हर होता, यूपीएस नावापुरता. लाइट गेली, आली, मशीन उठलं पण बिलिंगची सर्व्हिस काही उठेना. स्टार्ट म्हटलं की स्क्रिप्ट म्हणायची ऑलरेडी रनिंग, आणि पीएस मारून चालू प्रोसेसची यादी बघावी तर तिचा पत्ताच नाही. शेवटी एसएच मायनस एक्स लावून ओळ न् ओळ चालवून बघितली तेव्हा कळलं. कुणीतरी पीआयडी फाइल, म्हणजे चालू सर्व्हिसचा प्रोसेस नंबर लिहिलेली फाइल, सर्व्हिसच्याच फोल्डरमध्ये ठेवली होती, लाइट गेल्यावर ती पुसणार कोण, आत जुना नंबर ९१२ तसाच, आणि रीबूटनंतर ९१२ नंबर मिळालेला क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रामला! स्क्रिप्ट किल मायनस झिरो करून विचारते ९१२ जिवंत आहे का, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, म्हणतो आहे, विषय संपला. मी स्टॉप मारलं नाही हे नशीब, नाहीतर क्रॉन फुकट मेला असता.

या स्क्रिप्टांच्या जागी आलेल्या सिस्टमडीत ही भानगडच नाही, कारण सर्व्हिस आणि तिची सगळी पिल्लावळ सीग्रुप नावाच्या एका गटात असते आणि हिशेब कर्नल ठेवतो. आमची स्क्रिप्ट १४० ओळींची होती, सिस्टमडीला सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी युनिट फाइल आठ-दहा ओळींत होते. शिवाय स्पीड. २०१० मध्ये लेनार्ट पॉटरिंगने सिस्टमडी जाहीर करताना स्वतःच्या मशीनवरचा हिशेब मांडला होता, बूट स्क्रिप्टांमध्ये मजकूर शोधणारी-कापणारी छोटी कमांड ग्रेप ७७ वेळा, तशीच ऑक ९२ वेळा. म्हणजे ओळीतला एखादा शब्द कापायला दरवेळी नवीन प्रोसेस, कांदा चिरायला दरवेळी नवीन विळी आणल्यासारखं. उबुंटूने तर २००६ मध्ये स्क्रिप्टा चालवायला बॅश या शेलऐवजी डॅश हा हलका शेल बसवला होता, बूट जरा लवकर व्हावं म्हणून.

पण खरं सांगू, त्या रात्री मला वाचवलं ते पण शेलनेच. मधे एक एको, म्हणजे मजकूर छापणारी कमांड, टाकला की पोटातलं सगळं दिसायचं. सिस्टमडी अडकलं की तो लाल तारा इकडून तिकडे फिरत बसतो आणि आपण दीड मिनिट त्याच्याकडे बघत बसतो. डेबियनवाले २०१४ मध्ये यावरून इतके भांडले की काहींनी वेगळी चूल मांडून सिस्टमडी नसलेलं डेव्हुआन काढलं. आणि लिनक्सच्या चुलतभावासारख्या फ्रीबीएसडीत अजून शेलच आहे की, फक्त पीआयडी तपासायचा कोड सगळ्यांना मिळून एकच आणि तो प्रोसेसचं नावही ताडून बघतो. आमच्याकडे ज्याने त्याने आपापला लिहिला, कॉपी-पेस्ट करून. तरी मी परत जाणार नाही, वय झालं आता.

हे सगळं त्या पोराला सांगितलं. तो म्हणाला मग आपल्याकडे युनिट फाइलच आहे ना, आणि उघडून दाखवली. एक्झेकस्टार्टच्या, म्हणजे काय चालवायचं ते सांगणाऱ्या ओळीच्या, पुढे इनिट डॉट डीतल्याच एका स्क्रिप्टचा पाथ.