खरखर रेकॉर्डची की पिनची?

लाखेची जुनी रेकॉर्ड लावली की लोक म्हणतात, "खरखर फार आहे, आवाजही चिरका येतोय." बहुतेक वेळा दोष रेकॉर्डचा नसतो. पिन चुकीची असते आणि वेग कोणी तपासलेलाच नसतो.

आधी धुणं. लाखेला स्पिरिट किंवा कोणतंही अल्कोहोल अजिबात लावायचं नाही. सुतार चपडा स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश करतो, आणि तोच चपडा या तबकडीत आहे. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरला भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब पुरे. मऊ ब्रश खाचांच्या दिशेनंच फिरवा, लेबल कोरडं ठेवा, नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं पुसून सावलीत उभी वाळवा.

लाँगप्लेच्या, म्हणजे नंतर आलेल्या विनाइल रेकॉर्डच्या, पिनचं टोक सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येचं असतं; लाखेच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डला ७५च्या आसपासचं लागतं. बारीक पिन रुंद खाचेच्या तळाशी जाते आणि तिथली धूळ वाचत बसते; खरखर येते ती तिथून. शिवाय बहुतेक अशा रेकॉर्डच्या खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं. स्टिरिओ कार्ट्रिज (पिन बसवलेला, तिची थरथर विजेत बदलणारा भाग) मात्र वर-खाली हालचालही पकडतं, आणि त्यात नुसता गोंगाट असतो. म्हणून अँप्लिफायरचं मोनो बटण दाबा; एवढ्यानंच निम्मं काम होतं. अँप्लिफायरचा फोनो इनपुट, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर जोडायची जागा, लाँगप्लेच्या हिशेबानं वरचे स्वर बरेच दाबतो, तेव्हा ट्रेबल थोडा वाढवून बघा.

आता वेग, आणि खरी मेख इथेच आहे. ७८ हा आकडा पुढे रूढ झाला. सुरुवातीच्या काळात कंपन्यांचे वेग कमी-जास्त असत. वेग सहा टक्क्यांनी चुकला की सूर जवळजवळ अर्ध्या स्वरानं सरकतो. वेग जास्त असेल तर काळी एकचा गायक काळी दोनकडे निघाल्यासारखा वाटतो, ताना उगाच घाईच्या होतात आणि आवाजातला गोलावा जातो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर ७७ रेघांची स्ट्रोबोस्कोप चकती (वेग तपासायची, कडेनं रेघा असलेली चकती) फिरत्या तबकडीवर, जुन्या तारेच्या पिवळ्या बल्बखाली ठेवा; तो विजेबरोबर लुकलुकतो. रेघा स्थिर दिसल्या की वेग ७७.९२, म्हणजे ७८च. एलईडीखाली हे बऱ्याचदा जमत नाही, कारण पुष्कळ एलईडी लुकलुकतच नाहीत. पिन रेकॉर्डवर टेकलेली असतानाच तपासा, कारण मोटर दमलेली असेल तर वजनानं वेग उतरतो.

मशीन बरोबर असूनही गाणं ताणलेलं वाटलं तर साथीकडे कान द्या. नाट्यपदांच्या रेकॉर्डमध्ये बऱ्याचदा ऑर्गन असतो. त्याचा सूर तुमच्या पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध पडत असेल, तर वेगाबद्दल शंका घ्यायला जागा आहे. मात्र एवढ्यावर निकाल देऊ नये. त्या काळची वाद्यं आजच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला लावलेली असतीलच असं नाही. त्याच गायकाच्या जवळपासच्या क्रमांकाच्या आणखी दोन-तीन रेकॉर्ड लावा. सगळ्यांत षड्ज एकाच जागी येतो का, आणि शब्दोच्चार माणसाचे वाटतात का, हे ऐका. यंत्रापेक्षा इथे ओळखीच्या गळ्यावर जास्त भरवसा ठेवावा.

मग बाजू सलग ऐका. दहा इंची तबकडीवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मिळत, त्यामुळे आलाप दोन-चार स्वरांत आटोपून गायक थेट बंदिशीला हात घालतो. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त समेवर लक्ष ठेवा. एवढ्या जागेत मुखडा किती वेगवेगळ्या वाटांनी परत आणलाय, ते थक्क करणारं आहे.

सापडलेला वेग पेन्सिलीनं पाकिटावर लिहून ठेवा, लेबलवर नको.